मायच्या पोटातली दुर्बीण आणि सकाळची गोळी

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातल्या एका गावचा, झेडपीच्या शाळेवर शिक्षक आहे. माझी माय ५६ वर्षांची. दोन-अडीच वर्षांपासून तिला छातीखाली जळजळ होते, करपट ढेकर येतात, अर्धी भाकरी खाल्ली की पोट तट्ट होतं. मेडिकलवाल्यानं दिलेली पॅन्टोप्रॅझोलची गोळी ती रोज उपाशीपोटी घेते. एक दिवस चुकली की त्रास ठरलेला. गुडघ्यासाठी अधूनमधून दुखण्याची गोळीही चालू असते. दीड वर्षापूर्वी परभणीला पोटाची दुर्बीण (एंडोस्कोपी) केली. रिपोर्टवर ‘गॅस्ट्रायटिस, आरयूटी निगेटिव्ह’ एवढंच होतं. आता हिमोग्लोबिन ९ आलंय. छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी परत दुर्बीण सांगितली, पण एनबीआयच्या मशीनवर, आणि तपासायला आतले तुकडेही (बायॉप्सी) घेऊ म्हणाले. खर्च जवळजवळ दुप्पट. एवढी भारी दुर्बीण आहे तर तुकडा कशाला? आणि एकदा निगेटिव्ह आलेलं परत कशाला पाहायचं? माझे मामा, म्हणजे मायचे सख्खे भाऊ, पोटाच्या कॅन्सरनं गेले. ‘तुकडा’ शब्द ऐकला की माय हबकते. कापूस वेचणी संपली की न्यावं का? घरच्या सगळ्यांनीच तपासून घ्यावं का?

उत्तर :

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. आई रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्रॅझोल घेतात, ते. दीड वर्षापूर्वी परभणीला गेलात त्या सकाळी, त्याच्या आदल्या दिवशी, त्याच्या आधीच्या आठवड्यातही ती गोळी चालूच असणार. तसं असेल तर त्या रिपोर्टवरच्या ‘निगेटिव्ह’ला फारसं वजन नाही. मशीनचा प्रश्न त्यानंतरचा आहे, आधी हा गोळीचा उलगडा करू.

जठराला सूज आणणारा जो जिवाणू आपण शोधतोय त्याचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. पीळ दिलेल्या दोऱ्यासारखा दिसतो, लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम तिप्पट. जठरातल्या आम्लात दुसरे जिवाणू सहसा टिकत नाहीत. हा टिकतो, कारण तो युरिएज नावाचं विकर बनवतो. हे विकर युरिया फोडून अमोनिया तयार करतं आणि त्या अमोनियामुळे जिवाणूच्या भोवतीचं आम्ल मारलं जातं. आरयूटी, म्हणजे रॅपिड युरिएज टेस्ट, ही तपासणी याच खोडीवर उभी आहे. जठराच्या आतल्या अस्तराचा, तांदळाच्या कणीहून लहान तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जिवाणू असले तर अमोनिया सुटतो आणि पिवळा रंग गुलाबी होतो.

इथे थोडं थांबा. आईंना तुकड्याची भीती वाटते म्हणता, पण तुकडा त्यांचा एकदा घेऊन झालेला आहे. आरयूटी तुकड्याशिवाय होतच नाही. त्या दिवशी त्यांना कळलंसुद्धा नाही, कारण जठराच्या आतल्या अस्तराला चिमटा काढला तरी दुखत नाही. हे त्यांना आजच सांगा. आणि तुकडा घेतला म्हणजे कॅन्सरचा संशय आहे, असंही नाही. सूज कशामुळे आहे हे ठरवायलाही तुकडाच लागतो.

आता गोळी. पॅन्टोप्रॅझोल, ओमिप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, इसोमिप्रॅझोल, या सगळ्या एकाच घरातल्या. त्या आम्ल कमी करतात. आम्ल कमी झालं की जठराच्या खालच्या टोकाला राहणारे हे जिवाणू संख्येनं घटतात आणि वरच्या भागाकडे सरकतात. मरत नाहीत, दबून राहतात. अशा वेळी नेहमीप्रमाणे खालच्या टोकाचा एकच तुकडा जेलमध्ये टाकला, तर रंग बदलत नाही आणि रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ लागतं. म्हणून ही गोळी तपासणीआधी दोन आठवडे बंद लागते, आणि कुठलीही अँटिबायोटिक किंवा बिस्मथचं औषध चार आठवडे. जिवाणू सापडला तर रिपोर्ट खरा मानायचा. गोळी चालू असताना सापडला नाही, तर काहीच ठरलं नाही असं धरायचं.

हे मी पुस्तकातून शिकले होते. तरी सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंची दुर्बीण करताना मी गोळीचं विचारलंच नाही. त्या औशाकडून आल्या होत्या, जळजळीची तक्रार होती, आरयूटी निगेटिव्ह आली, आणि मी ‘जंतू नाही, तिखट कमी करा’ म्हणून पाठवलं. वर्षभरानं त्याच बाई रात्री रक्ताच्या उलट्या घेऊन आल्या. अल्सर फुटून रक्त वाहत होतं आणि आत जंतू होता. त्या वाचल्या. पण चुकलं होतं ते माझं, मशीनचं नव्हे. तेव्हापासून माझ्याकडे टेबलावर घेण्याआधी प्रत्येकाला विचारलं जातं, ‘पित्ताची गोळी शेवटची कधी घेतली?’ लातूरला बावीस वर्षं ही तपासणी करते आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर ‘आज सकाळी’ असं मी इतक्यांदा ऐकलंय की आता अपॉइंटमेंट देतानाच चिठ्ठीवर लिहून देते.

त्यामुळे तुम्ही संभाजीनगरला फोन करून पहिलं हे सांगा की आईंची गोळी रोज चालू आहे, ती किती दिवस आधी थांबवू. स्वतःहून थांबवू नका. त्यांना हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, किंवा शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, तर गोळी थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांचाच. तसं काही नसेल तर ते दोन आठवडे त्रासाचे जातील, जळजळ पहिल्यापेक्षा जास्त वाटेल. त्या काळात पातळ अँटॅसिडवर भागवता येतं, तेही विचारून. गुडघ्याची दुखण्याची गोळी मात्र लगेच बंद, आणि ती कोणती होती त्याचं पाकीट सोबत न्या. जठराला सूज आणि जखमा करणारं ते दुसरं मोठं कारण आहे. जंतू आणि ती गोळी दोन्ही एकत्र आले तर धोका फार वाढतो.

आता एनबीआय, म्हणजे नॅरो बँड इमेजिंग. डॉक्टर तुम्हाला उगाच महागात पाडताहेत असं मला वाटत नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत मीही हेच सांगितलं असतं.

साधी दुर्बीण पांढऱ्या उजेडात बघते, आपण बॅटरी लावून विहिरीत डोकावतो तशी. त्यात लाली दिसते, जखम दिसते, गाठ दिसते. पण जठरातली लाली फसवी असते. लाल दिसलेल्या जठरात जंतू नसतो आणि बऱ्या दिसणाऱ्यात असतो, हे आम्ही रोज बघतो. ‘गॅस्ट्रायटिस’ हा शब्द पांढऱ्या उजेडातल्या रिपोर्टवर इतका सरसकट पडतो की त्यातून कारण कळत नाही.

एनबीआयमध्ये दुर्बिणीच्या मुठीवरचं एक बटण दाबलं की पांढऱ्या उजेडातले बाकीचे रंग गाळले जातात आणि दोनच अरुंद पट्टे उरतात : एक ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा, दुसरा ५४० च्या आसपासचा हिरवा. रक्तातलं हिमोग्लोबिन नेमका हाच उजेड शोषून घेतं. निळा उजेड खोल जात नाही, त्यामुळे अस्तराच्या अगदी वरच्या थरातल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या तपकिरी उठून दिसतात. हिरवा थोडा आत जातो आणि खालच्या जाड वाहिन्या निळसर-हिरव्या दिसतात. रंगाचं औषध फवारायचं नाही, किरणोत्सर्ग नाही, इंजेक्शन नाही, आईंना वेगळं काही जाणवणारही नाही. वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर याची नावं वेगळी असतात, बीएलआय, एलसीआय, आय-स्कॅन. एलसीआयची रीत जराशी निराळी आहे. ती लाल जास्त लाल आणि फिकट जास्त फिकट करून दाखवते, म्हणजे जंतूची पसरट लाली गडद किरमिजी उठते.

मग त्यात जंतू दिसतो का? नाही. तुमच्या ‘तुकडा कशाला’ या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. तो इतका बारीक आहे की एनबीआयलाही दिसत नाही. दिसतात त्याच्या खुणा. निरोगी जठराच्या मधल्या भागात, बारीक वाहिन्यांची जाळी मधाच्या पोळ्यासारखी असते आणि तिच्या मधोमध ठरावीक अंतरावर छोट्या छोट्या चांदण्यांसारख्या शिरा दिसतात. आम्ही त्यांना ‘आरएसी’ म्हणतो. या चांदण्या एकसारख्या, स्वच्छ दिसल्या तर तिथे जंतू नसण्याचीच शक्यता फार मोठी. जंतूची सूज आली की त्या बुजून जातात, ग्रंथींची गोल तोंडं लांबट होतात, वळ्या जाड होतात, त्यांवर चिकट, चिवट श्लेष्म बसतो. तरुण मुलींमध्ये, मुलांमध्ये कधी कधी अंगावर काटा आल्यासारखे बारीक फोड दिसतात. जपानी डॉक्टरांनी या खुणा नीट मांडून ठेवल्यात, क्योटो वर्गीकरण म्हणून ते जगभर वापरलं जातं. क्योटोतच २०१४ साली जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलं की या जंतूची जठरसूज हा संसर्गजन्य आजार मानायचा, मग त्रास होत असो वा नसो.

पण तुमच्या आईंसाठी एनबीआयचा खरा उपयोग मी वेगळ्याच कारणासाठी सांगते. हा जंतू वर्षानुवर्षं राहिला तर जठराचं अस्तर झिजत जातं, पातळ होतं. पुढे काही जागी जठराच्या पेशींच्या जागी आतड्यासारख्या पेशी येतात, तिला इंटेस्टायनल मेटाप्लासिया म्हणतात. थोड्याच लोकांत तिथून पुढे बिघाड होऊन कॅन्सरकडे वाट जाते, आणि तीही बरीच वर्षं घेऊन. मेटाप्लासियाच्या जागा पांढऱ्या उजेडात सहज सुटतात. एनबीआयमध्ये, जवळून पाहिलं तर, त्या पेशींच्या कडेला फिकट निळी रेघ चमकते, आणि एलसीआयमध्ये ती जागा फिकट जांभळी दिसते. आंधळेपणानं इकडून तिकडून तुकडा घेण्यापेक्षा नेमक्या त्या जागेचा घेता येतो. तुमचे मामा ज्या आजारानं गेले, तो झालेल्यांच्या सख्ख्या भावंडांना त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. आईंचं वय ५६, हिमोग्लोबिन ९. अशा माणसाची दुर्बीण चांगल्या उजेडात, सावकाश व्हायला हवी.

हे वाचून घाबरू नका. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं हा जंतू कॅन्सर करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला, हे खरं. पण ज्यांच्या पोटात तो आहे, त्यांतल्या शंभरातल्या फार तर एक ते तिघांना पुढे जठराचा कॅन्सर होतो. आपल्या देशात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात हा जंतू आहे आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. देशात जठराच्या कॅन्सरचं प्रमाण सगळ्यांत जास्त आहे ते मिझोरामकडे. आणि वेळेवर जंतू काढला तर धोका खाली येतो.

तुकड्यांचं मात्र डॉक्टरांशी नीट बोलून घ्या. एकच तुकडा पुरत नाही. खालच्या भागातले दोन, मधल्या-वरच्या भागातले दोन आणि मधल्या वाकातला एक, अशी पाच ठिकाणं ठरलेली आहेत, आणि खालचे-वरचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत जायला हवेत. एका बाटलीत सगळे टाकले तर झीज कुठे आहे आणि किती पसरली आहे हे प्रयोगशाळेला सांगता येत नाही. आरयूटीसाठीही खालचा एक आणि वरचा एक. ज्यांना मशीन जुनं आहे म्हणून चिंता वाटते त्यांना मी नेहमी सांगते : साध्या दुर्बिणीवर गोळी थांबवून पाच ठिकाणचे तुकडे घेतले, तर त्या तपासणीचा भरवसा गोळी चालू असताना बटण दाबून घाईत उरकलेल्या एनबीआयपेक्षा कितीतरी जास्त. आणि पाहायला वेळ लागतो. दुर्बीण आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत निदान सात मिनिटं हवीत, असं तज्ज्ञ मानतात. आधी फेस घालवणारं सिमेथिकॉनचं औषध पाण्यातून देतात का, तेही विचारा. अस्तरावर फेस असेल तर महागड्या उजेडालाही काही दिसत नाही.

इथे एका गोष्टीची आठवण येते, कारण आपण सगळेच घाईत असतो. हा जंतू पहिल्यांदा वाढवला गेला तो १९८२ साली, ऑस्ट्रेलियात पर्थला. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांच्या तुकड्यांच्या बशा नेहमी दोन दिवसांत फेकल्या जायच्या, आणि काही वाढलेलं दिसायचं नाही. त्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत बशा पाच दिवस तशाच राहिल्या, आणि जंतू उगवलेला दिसला. लोकांना पटेना म्हणून मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतः प्यायला. काही दिवसांतच उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीत जठराला सूज आलेली दिसली. दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. त्याआधी जगभरचे डॉक्टर अल्सरला काळजीचा, तिखटाचा आजार म्हणत होते. आपल्याकडे अजून म्हणतात. आईंचा ठेचा कुणी बंद केला असेल तर तोंडाला रुचेल तेवढा खाऊ द्या. ठेच्यानं जंतू येत नाही, जळजळ वाढत असेल तर तेवढ्यापुरता कमी करा. मीठ मात्र कमीच हवं, आणि तंबाखू किंवा मिसरी असेल तर ती सुटायलाच हवी.

हिमोग्लोबिनबद्दल एक गोष्ट तुमच्या पत्रात सुटली आहे म्हणून लिहिते. पाळी बंद झालेल्या बाईचं हिमोग्लोबिन ९ असेल तर ‘आपल्याकडे सगळ्याच बायांना कमी असतं’ म्हणून सोडून द्यायचं नाही. रक्त कुठेतरी हळूहळू जातंय का, की लोह आणि बी-१२ शोषलं जात नाही, हे पाहावं लागतं. या जंतूच्या सुजेत दोन्ही होऊ शकतं. जठरात कारण सापडलं नाही तर मोठ्या आतड्याची दुर्बीणही सांगतील, तेव्हा ती टाळू नका. वेचणीचं विचारलंत. गोळी थांबवायला दोन आठवडे हवेतच, तेवढ्यात कापसाचा एखादा वेचा होऊन जाईल. त्यापलीकडे थांबू नका. वजन झपाट्यानं उतरत असेल, उलट्या होत असतील, घास अडकत असेल किंवा काळी शौच होत असेल, तर कापूस शेतात राहिला तरी चालेल, लगेच न्या.

जंतू निघाला तर औषध साधारण १४ दिवसांचं असतं, दोन-तीन अँटिबायोटिकं आणि आम्ल कमी करणारी गोळी, बऱ्याचदा बिस्मथही. आपल्या देशात यातल्या काही अँटिबायोटिकांना जंतू बधत नाही, म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली किट मेडिकलमधून आणून देऊ नका. अर्धवट कोर्स केला की उरलेला जंतू अधिक चिवट होतो. बिस्मथनं जीभ आणि शौच काळी होते, तेवढ्या दिवसांत त्याला भिऊ नका. तोंड कडू होईल, मळमळेल, आई तिसऱ्या दिवशी ‘नको आता’ म्हणतील. त्या दिवशी तुम्ही घरी असा.

आणि कोर्स संपला म्हणजे जंतू गेला असं धरू नका. चार आठवड्यांनी, पुन्हा गोळी दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करतात. त्यासाठी परत दुर्बीण लागत नाही. रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी कुणी सांगितली तर तिच्यावर पैसे घालवू नका. जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. मेटाप्लासिया निघाला तर किती वर्षांनी परत पाहायचं ते त्याच्या पसाऱ्यावर ठरतं. तो रिपोर्ट लॅमिनेट न करता फाईलमध्ये जपून ठेवा, पुढच्या डॉक्टरांना लागेल.

घरच्यांचं. हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या माणसांकडून, उष्ट्यातून, न धुतलेल्या हातांतून, खराब पाण्यातून येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो आणि घागरीत हात घालूनच पाणी काढलं जातं. लांब दांड्याचा ओगराळा ठेवा, पाणी उकळून घ्या, शौचानंतर आणि पोळी-भाकरीआधी साबण लावा. पण सगळ्या घराची दुर्बीण करायची नाही. मामांची मुलं आणि आईंची बाकीची भावंडं यांनी मात्र श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून घ्यावी. त्यांच्यात जंतू निघाला तर औषध घेण्यात खरा फायदा आहे. आईंचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तुमची स्वतःचीही करून घ्या. शाळकरी लेकरांची, त्यांना त्रास नसताना, करू नका.

दुर्बिणीच्या दिवशी आईंनी सहा तास काही खायचं नाही. घशात बधिरतेचा फवारा मारतील, तो कडू लागतो आणि घसा सुजल्यासारखा वाटतो, पण श्वास नाकानं व्यवस्थित चालू असतो. डाव्या कुशीवर झोपवतील. लाळ गिळायची नाही, तोंडाच्या कडेनं गळू द्यायची, एवढं आदल्या रात्री त्यांना करून दाखवा. झोपेचं इंजेक्शन दिलं तर तो दिवस कुणीतरी सोबत हवं, आणि परतीच्या एसटीत त्यांना खिडकीशी बसवा.